खांबापासून तिसरी खुर्ची

कॅथेड्रलमागची गल्ली
११ फेब्रुवारी १९४७

फिर्मँ भावजी,

पत्र लिहायची मला हौस नाही, तुम्हाला ठाऊक आहे. नाताळाला कार्ड पाठवलं नाही म्हणून तुमची सोलांज रुसली असेल, तर तिला सांगा की काकूला यंदा शाई गोठलेली मिळाली. खरंच गोठली होती. कोळसा नाही. कॅथेड्रलमध्ये तर बाहेरच्यापेक्षा थंडी जास्त. सातशे वर्षांचा दगड आहे, तो एकदा गार झाला की मे महिन्यापर्यंत ऐकत नाही.

कामाचं सांगते. काचा परत आल्या. युद्धात लपवलेल्या सगळ्या पेट्या तुमच्या दक्षिणेतल्या खाणीतून ऑक्टोबरात पोचल्या, एकही फुटली नाही. उत्तरेकडच्या खिडक्या बसल्या. पुढच्या भिंतीतलं मोठ्या गोल खिडकीचं चक्रही बसलं. साडेसात वर्षं आम्ही तेलकट कापडातून येणाऱ्या उजेडात प्रार्थना केली. दुधात पाणी घातल्यासारखा उजेड. मी तर म्हणत होते, देवाला आपले चेहरे दिसतायत की नाही कोण जाणे.

आता दक्षिणेची बाजू. ती बसत नाही.

बेकरीवाल्यांनी दान दिलेल्या, त्यांचंच चित्र असलेल्या खिडकीपासून सुरुवात केली. ज्या तावदानावर डावं म्हणून लिहिलंय ते डावीकडे जात नाही. गोल बाजू भलतीकडे येते. पालथं केलं तर बसतं. तशी चार तावदानं खाली बसवली त्यांनी, एका आठवड्यात. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ऊन आलं आणि मी खुर्च्या लावत होते. बेकरीवाल्याच्या एप्रनचा लाल डाग खांबापासून तिसऱ्या खुर्चीवर पडतो. तीस वर्षं मी बघतेय, फेब्रुवारीत दहाला तिसरी खुर्ची. त्या दिवशी तो पाचव्या खुर्चीवर. मी ल्युबँला हाक मारली. ल्युबँ म्हणजे हल्लीचा मुख्य काचकारागीर, तोंडात कायम विझलेली पाइप. म्हटलं, "तुझा बेकरीवाला सरकलाय." तो हसला. मग वर चढला, काचेवर बोट घासलं, आणि खाली आला तेव्हा हसत नव्हता. आतल्या अंगाला हवी ती रंगाची रेघ बाहेरच्या अंगाला आली होती. पावसात. वीस वर्षांत बेकरीवाल्याला नाकडोळे राहिले नसते. संत महाराजही डाव्या हातानं आशीर्वाद देत बसले होते.

काढली ती चार. काम बंद.

पॅरिसहून आलेले वास्तुरचनाकार आहेत, पेरिनेल म्हणून. माणूस वाईट नाही, पण त्याच्या मिशीला कधी पाव लागलेला नसतो. तो म्हणतो, एकोणचाळीस साली काचा काढताना केलेल्या खुणा भरवशाच्या नाहीत. आणि खुणांची जबाबदारी कुणाची, तर तेव्हाच्या मुख्य कारागिराची, एव्रारची. तुमच्या भावाची, माझ्या नवऱ्याची. कुणी तरी त्याला सांगितलंय की त्या दिवसांत एव्रार प्यायचा. सुपाबरोबर एक पेला, त्याला हे लोक पिणं म्हणतात.

साहेब आता अहवाल लिहितोय. दक्षिणेच्या सगळ्या काचा पॅरिसला कारखान्यात जाणार, तोवर इथे साधी पांढरी काच. दहा वर्षं, पंधरा वर्षं. आणि तुम्हाला रिवाज माहीत आहेच. खिडकी बसवताना खालच्या शिशाच्या पट्टीवर ती कुणी उतरवली त्याचं नाव कोरतात. उत्तरेच्या खिडक्यांवर तुमचं आणि एव्रारचं कोरलंय, मी स्वतः पाहिलं. दक्षिणेला एव्रारचं नाव घालायचं नाही असं साहेब म्हणाला. चुकलेल्या कामावर नाव घालणं हा त्याचाच अपमान, असं गोड करून म्हणाला.

आता मुद्दा. काचा उतरवायच्या त्या शेवटच्या दोन दिवसांत माणसं नव्हती. निम्मी सैन्यात बोलावली गेली होती. म्हणून अंगणात तावदानांवर काळ्या रंगानं खुणा मी केल्या. कुंचला माझ्या हातात होता. हे मी साहेबाला सांगितलेलं नाही, कारण काचांच्या कामाला खुर्च्यावाली लावली असं कळलं तर एव्रारवर आणखी एक ठपका. पण मी आपल्या मनानं काही लिहिलं नाही. तावदानं खाली सोडायच्या दोरीपाशी तुम्ही उभे होता आणि डावं-उजवं तुम्ही सांगत होता. मी लिहीत होते. चूक झाली असेल तर ती तुमची, भावजी. तुम्ही जिवंत आहात, तुम्ही ती घ्या. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही.

झेली


दोर्दोन्य
२७ फेब्रुवारी १९४७

झेली वहिनी,

अक्षर वाकडं आहे, माफ करा. काचकामातल्या शिशाच्या विषानं उजवा हात मनगटापासून लुळा पडला, आता डाव्यानं लिहितो. सोलांज म्हणते, मी लिहिते, पण हे तिला सांगण्यासारखं नाही.

तुमचं बरोबर आहे. चूक माझी. दोरीपाशी मीच होतो. घाई होती, मी डाव्याला उजवं म्हणालो. एव्रारदादा वर परांचीवर होता, त्याला खालचं काही दिसत नव्हतं. हे पत्र साहेबांना दाखवा. माझं नाव दक्षिणेच्या पट्टीवर नको, दादाचं घाला.

एप्रिलपर्यंत इथे पाऊस असतो. खाणीत आता कोणी मशरूम लावतो. आपल्या पेट्या होत्या तिथे.

तुमचा
फिर्मँ


कॅथेड्रलमागची गल्ली
१२ मार्च १९४७

भावजी,

खोटं बोलायचंच होतं तर नीट तरी बोलायचं होतंत.

तुमचं पत्र घेऊन मी साहेबाकडे गेले. रविवारचा कोट घालून. ल्युबँ तिथेच होता, आणखी दोन गवंडी होते. साहेबानं पत्र वाचलं, घडी घातली, आणि टेबलावरून एक जाडी वही काढली. कॅथेड्रलची वही, ऑगस्ट-सप्टेंबर १९३९ची. बोट ठेवून मला वाचायला लावलं. मला वाचायला वेळ लागतो हे त्याला कळलं असणार, तरी तो थांबला.

"बाई," तो म्हणाला, "तुमचे दीर एकतीस ऑगस्टला पहिल्या ट्रकांबरोबर गेले. इथे सही आहे. दक्षिणेच्या खिडक्या दोन आणि तीन सप्टेंबरला उतरवल्या. लुआर नदीपलीकडून ते दोरी कशी धरत होते, एवढं त्यांना विचारा."

ल्युबँनं पाइप चावली. गवंडी भिंत बघायला लागले, जणू आजच बांधून झालीय.

म्हटलं, "माझं चुकलं असेल, निळा सदरा सगळ्यांचाच असतो." घरी आले आणि विचार केला. खरंच, दोरीपाशी कुणाची तरी पाठ होती. निळा सदरा. ट्रकचा ड्रायव्हरही असेल. मी तुमचं तोंड पाहिलं नाही, तुमची पाठ धरून बसले सात वर्षं.

मग तुम्ही का म्हणालात की मीच?

साहेबानं आणखी एक दाखवलं. दोनशे तीन नंबरची पेटी. दक्षिणेच्या सगळ्या पेट्यांत डावं-उजवं उलटं आहे, एका दोनशे तीनमध्ये सुलटं. त्या पेटीतल्या आठही तावदानांवर जुनी खूण खरवडून वर नवी केलीय. साहेब म्हणतो, "बघा, या माणसाला स्वतःलाच नक्की नव्हतं. एकदा असं, एकदा तसं. सगळंच उलटं असतं तर आम्ही डाव्या-उजव्याची अदलाबदल केली असती, पण आता कशावर विश्वास ठेवायचा? सातशे वर्षांची काच आहे, अंदाजानं बसवता येत नाही." त्याचं म्हणणं मला पटलं, हेच वाईट आहे.

म्हणजे तुम्ही एव्रारला झाकताय. मला सरळ सांगा. तो प्यायला होता का त्या दोन दिवसांत? मी बायको आहे त्याची. तीन सप्टेंबरला तो घरी आला आणि बुटासकट झोपला. मी समजले, दमलाय. आता मला माहीत नाही मी काय समजायचं होतं.

झेली


दोर्दोन्य
२० एप्रिल १९४७

झेली वहिनी,

उत्तराला उशीर झाला. छाती धरली होती.

दादा प्यायला नव्हता. हे मी शपथेवर सांगतो. याच्यापुढे विचारू नका.

वहिनी, सोडून द्या. लागू दे पांढरी काच. तुम्ही चोपन्न वर्षांच्या, मी साठीचा. आपल्याला आता कोणत्या खिडकीतून काय बघायचंय? दादाला नावाची हाव नव्हती. तुम्हाला आठवतं, वेदीच्या मागचे ते दोन जादा खांब? बांधणाऱ्यांनी छत फार उंच नेलं, ते तडकलं, मग मध्ये आणखी खांब घालून कसंबसं सावरलं. बाहेरून टेकूच्या कमानी दिल्या त्या निराळ्या. दादा म्हणायचा, ज्यानं पहिला हिशेब चुकवला त्याचं नाव कुणाला माहीत नाही, आणि ज्यानं खांब घातले त्याचंही नाही. छत आहे ना, झालं.

तसंच समजा. मला थकायला झालंय, तुम्हालाही झालंय.

फिर्मँ


कॅथेड्रलमागची गल्ली
१४ मे १९४७

भावजी,

मी थकले आहे हे तुमच्याकडून ऐकायची गरज नाही. आठशे खुर्च्या रोज उचलते, माझ्या गुडघ्याला विचारा.

आणि ते छत मला शिकवू नका. छत तडकलं तेव्हा त्यांनी खांब आतच उभे केले, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, वेदीच्या ऐन मागे. परदेशी लोक आता तेच बघायला येतात आणि माझ्याकडून खुर्ची मागतात मान वर करायला. त्यांनी कुणी पांढरा पडदा लावून "सोडून द्या" म्हटलं नाही.

साहेबानं माझ्यापुढे एक कागद ठेवलाय. विधवा म्हणून मी लिहून द्यायचं की माझ्या नवऱ्याची प्रकृती त्या दिवसांत बरी नव्हती. तेवढं दिलं की अहवालात 'आजारपण' येईल, 'निष्काळजीपणा' येणार नाही. त्याच्या मते तो उपकार करतोय. ल्युबँ जाताना हळूच म्हणाला, "झेलीबाई, करा सही, नाही तर याहून वाईट लिहील." त्यालाही माझी दया येते. सगळ्यांना येते. मला आता दयेनं ढेकर येतात.

पेन्टेकॉस्टच्या सणानंतरच्या सोमवारी, म्हणजे २६ तारखेला, मी सही करणार. तो प्यायला नव्हता असं तुम्ही म्हणता. मग काय झालं होतं ते सांगत नाही. तर मग आजारी होता असंच म्हणते. काही तरी झालंच होतं त्याला.

तुम्हाला ठाऊक आहे तेवढं मला ठाऊक असतं तर मी सही केली असती का नाही, याचा विचार तुम्ही करा. मला खुर्च्या पुसायच्या आहेत.

झेली


तार. २१ मे १९४७

सही करू नका. पत्र येतंय. फिर्मँ


दोर्दोन्य
२१ मे १९४७

वहिनी,

तार सोलांजकडून पाठवली. हे पत्र मी डाव्या हातानं तीन दिवस लिहितोय, म्हणून सलग वाटणार नाही. तारेच्या आधी सुरू केलं होतं आणि दोनदा फाडलं.

जून चाळीसमध्ये जर्मन जवळ आले तेव्हा आम्ही दोघे उरलेल्या पेट्या दक्षिणेला नेत होतो. दुसऱ्या दिवशी वाटेत एका शेतकऱ्याच्या गोठ्यात थांबलो. दुपार होती. ट्रकचं कापड फाटलं होतं आणि वरच्या पेटीत पाणी गेलं असं दादाला वाटलं. ती दोनशे तीन. उघडली. पेंढा भिजला होता, काचा ठीक. दादानं पहिलं तावदान उन्हाला धरलं, खूण बघितली, पुन्हा तावदान बघितलं. मग दुसरं. मग तो पेटीवर बसला आणि हसायला लागला. तुम्ही त्याला तसं हसताना पाहिलंय, आवाज न करता, खांदे हलतात तसं. गाई माना वळवून बघत होत्या.

मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "झेलीनं अख्खी दक्षिण बाजू उलटी केलीय."

वहिनी, डावं-उजवं कुणी सांगितलंच नव्हतं. दादानंच मला हे गोठ्यात सांगितलं. आतली परांची मोडून पुढच्या चक्राला नेली होती, म्हणून दक्षिणेच्या काचा बाहेरून, अंगणात उतरवल्या. दादा वरून फक्त ओळ ओरडायचा. पहिली ओळ, दुसरी ओळ. डावं-उजवं तुम्ही खालून वर बघून लिहिलंत. अंगणातून बघून. आणि आमच्यात डावं म्हणजे नेहमी आतून बघितलेलं डावं. खिडकी आतल्या माणसासाठी असते, म्हणून कारागीर बाहेर टांगलेला असला तरी मनानं आत उभा राहून मोजतो. पहिल्या दिवशी शिकवतात हे. इतकं पहिल्या दिवशीचं की नंतर ते सांगायची गोष्ट आहे हेच कुणाला आठवत नाही. दादालाही आठवलं नाही. तो म्हणाला, "चूक माझी आहे, मी तिला सांगायला हवं होतं."

त्यानं तिथेच खिशातल्या चाकूनं दोनशे तीनच्या खुणा खरवडल्या आणि नव्या केल्या. बाकीच्या मुक्कामाला पोचल्यावर करू म्हणाला. मला म्हणाला, "झेलीला सांगू नकोस. ती आठवडाभर जेवणार नाही आणि मलाही जेवू घालणार नाही. परत जाऊ तेव्हा आपणच बसवू, कुणाला कळणार पण नाही."

दुसऱ्या दिवशी पूल आला. पुलाचं तुम्हाला माहीत आहे, दादा तिथेच गेला.

पेट्या भरलेला माझा ट्रक मागे होता. मी पेट्या पोचवल्या, पण खुणा बदलल्या नाहीत. मला वाटलं, परत नेताना मीच असेन. मग हात गेला, छाती गेली, आणि पेट्या मला न विचारता सरकारी गाड्यांतून गेल्या. तेव्हाच लिहायला हवं होतं. पण दादानं मला शेवटचं जे काही सांगितलं ते "झेलीला सांगू नकोस" हे होतं. त्यानंतर तो माझ्याशी फक्त ट्रकबद्दल बोलला.

म्हणून मी माझं नाव घेतलं. तारीख विसरलो.

आता तुम्ही ठरवा. साहेबाला हवं तर सांगा की मी हे कळवलं. पेटी दोनशे तीन जशी आहे तशी बसवायची, बाकी सगळ्यांत डाव्या-उजव्याची अदलाबदल करायची. एका दिवसात कळेल त्यांना.

फिर्मँ


पोस्टकार्ड. ३० मे १९४७

पत्र मिळालं. वाचलं. सही केलेली नाही. आणखी काही लिहायला आत्ता होत नाही.
झेली


कॅथेड्रलमागची गल्ली
९ नोव्हेंबर १९४७

फिर्मँ भावजी,

पाच महिने लिहिलं नाही. सोलांजची दोन पत्रं आली, काकू रागावली का म्हणून. हो, रागावले होते. अजूनही थोडी आहे, ते आधी सांगते म्हणजे मोकळी होते.

सात वर्षं तुम्ही मला सांगितलं नाही. माझं मन दुखू नये म्हणून. आणि त्या सात वर्षांत माझ्या नवऱ्याला दारुडा म्हणायला लोकांना मोकळं रान मिळालं, आणि मार्चमध्ये मीसुद्धा, त्याची बायको, त्याच्या बुटांचा विचार करत रात्रभर जागी राहिले. तुमच्या या असल्या चांगुलपणापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एव्रारला क्षमा आहे, तो एका दिवसात गेला, त्याला वेळ मिळाला नाही. तुम्हाला मिळाला होता. झालं. आता हे पुन्हा काढणार नाही.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी सूप टाकलं आणि खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग लक्षात आलं की एव्रार म्हणाला होता तसंच चाललंय, म्हणून रागानं सगळं गरम करून जेवले.

खोटं सांगणार नाही, मी तुमचं पत्र चुलीत घालायचा विचार केला. पांढरी काच लागली असती, खुर्च्यांना काय फरक पडतो. खुर्च्यावालीनं अख्खी दक्षिण बाजू उलटी केली हे गावात कळलं की माझं काय होणार, हे मला दिसत होतं. बाजारात मासेवालीही आता मला विचारते, "झेलीबाई, हा मासा डावा की उजवा?" पण ते नंतरचं. तेव्हा मी तीन दिवस पत्र एप्रनच्या खिशात घालून खुर्च्या लावल्या. चौथ्या दिवशी पाऊस नव्हता म्हणून अंगणात गेले. तेव्हा खुणा करत बसले होते तिथेच, दगडी कुंडापाशी. आणि वर बघितलं.

भावजी, तुम्ही लोक आयुष्यभर बाहेरून चढता, तुम्हाला हे नवं नसेल. उत्तरेच्या काचा बसलेल्या आहेत, त्या मी तशाच अंगणात फिरून बघितल्या. बाहेरून सगळ्या काळ्या. शिशाची जाळी आणि काळोख. लाल नाही, निळं नाही, बेकरीवाला नाही, संत नाही. तीस वर्षं मी आतून ज्या काचेचा डाग कोणत्या खुर्चीवर पडतो ते सांगत आलेय, तीच काच बाहेरून माझ्या पुढ्यात दोरीवरून उतरली आणि मी ओळखली नाही. ओळखायला उलटसुलट करून उन्हाला धरायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मला वाटलं, मला सगळं ठाऊक आहे. मला नेहमीच वाटतं.

मग साहेबाकडे गेले. रविवारचा कोट नाही घातला. ल्युबँ होता, गवंडीही होते, तेच दोन. म्हटलं, "खुणा मी केल्या. एव्रारनं नाही, त्याच्या भावानं नाही. अंगणातून बघून केल्या. दोनशे तीन एव्रारनं वाटेत सुधारली, तेवढीच त्याला जमली. ती सोडून बाकी सगळ्यांत डावं-उजवं बदला." पत्र टेबलावर ठेवलं.

साहेब बराच वेळ वाचत होता. मग त्यानं मिशीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला हे आधी माहीत होतं?"

म्हटलं, "कुंचला माझ्या हातात होता एवढं माहीत होतं. ते लपवलं. डाव्या-उजव्याचं नव्हतं माहीत."

"लपवलं का?"

"तुम्ही खुर्च्यावालीचं नाव अहवालात घातलं असतं म्हणून."

तो म्हणाला, "घालावंच लागेल आता."

म्हटलं, "घाला. नीट लिहा. झेली, शेवटी 'ई'."

तो हसला नाही, पण त्यानं माझ्या देखत तो आजारपणाचा कागद फाडला. त्यावर मी पाठ फिरवली, कारण गुडघा दुखत होता आणि दुसरंही काही होत होतं जे मला त्या गवंड्यांना दाखवायचं नव्हतं.

बेकरीवाल्यांच्या खिडकीला एक दिवस नाही लागला, सहा लागले, पण तुम्ही म्हणालात तसंच झालं. एक एक तावदान समोरच्या बाजूला गेलं आणि बसलं. ल्युबँ प्रत्येक तावदानावर आतून बोट घासायचा आणि खाली ओरडायचा, "बरोबर, झेलीबाई." पहिल्या दिवशी मला राग आला, सहाव्या दिवशी मी वाट बघत होते. मग बाकीच्या, आणि सप्टेंबरात शेवटची खिडकी बसली.

पट्टी कोरायच्या दिवशी मला बोलावलं. वर चढवणार होते, मी म्हटलं खालीच बसते. ल्युबँनं लोखंडी टोकानं एव्रारचं नाव कोरलं, आडनावासकट, वर्ष १९३९. तुमचं नाही कोरलं, तुम्ही तेव्हा लुआरपलीकडे होता हे वहीत आहे. मग त्यानं पाइप काढून विचारलं, "आणि तुमचं? खुणा तुमच्या हातच्या होत्या."

मी म्हटलं, "राहू दे. मला वाचता यावं म्हणून बाहेरून कोरावं लागेल."

तो जिना चढताना हसत होता. त्यानं वर जाऊन काय केलं ते मी बघितलं नाही. पट्टीवर चुना आणि शिसं बसलं की ते कुणालाच दिसत नाही. बघायचं तर पुढच्या युद्धाची वाट पाहावी लागेल, आणि मला तेवढी हौस नाही.

गेल्या आठवड्यात सर्व संतांचा सण झाला. ऊन होतं, फेब्रुवारीइतकंच तिरपं. साडेनऊपासून मी खांबापाशी खुर्च्या पुसत होते, एकच खुर्ची पुसत होते असं म्हणा. आधी पायांशी आला, मग सरकत वर. दहाला बेकरीवाल्याचं लाल खांबापासून तिसऱ्या खुर्चीवर होतं, बरोबर मध्ये. लग्नाआधी एव्रार त्या खुर्चीवर बसायचा. डोळ्यांवर लाल यायचं आणि तो तोंड वाकडं करायचा, पण जागा बदलायचा नाही. मी खुर्च्या लावताना तेव्हाही तिथूनच जायचे, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

मी त्या खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही. पाच मिनिटं. मग नोटरीची बायको आली, काठी टेकत, सगळ्या खुर्च्या सोडून तीच मागितली. म्हणे, ऊन आहे. दिली.

सोलांजला सांगा, काकू रागावलेली नाही. आणि ती खाणीतली मशरूम वाळवून पाठवता येत असतील तर पाठवा, इथे अजून पाव मोजूनच मिळतो.

झेली